रेलीनच्या खांद्यावरची कोंबडी

आमच्या रस्त्यावर मंत्र्यासारखे दौरे करणारं एकच माणूस आहे, ते म्हणजे माझी शेजारीण रेलीन. फरक इतकाच, की मंत्री गावात आला की लोक त्याच्याबरोबर फोटो काढून घेतात, आणि रेलीन आली की तेच लोक आपल्याला फोटोबिटो आवडत नाहीत म्हणतात.

रेलीन सेक्स वर्कर आहे. हे मी कानात सांगत नाहीये. टिमारूत आता ते कानात सांगण्यासारखं राहिलेलंच नाही. न्यूझीलंडमध्ये हे काम कायद्याने काम आहे, माझा नवरा मर्व्ह नळ दुरुस्त करतो तसं. मर्व्हसारखाच ती कर भरते आणि मर्व्हपेक्षा वेळेवर पोहोचते. पण कुंपणावरून मान काढून "काय गं, या खेपेला कुठे?" असं विचारण्यातली माझी मजा काही कुठल्या कायद्याने गेलेली नाही.

"या खेपेला गोर, मग इनव्हरकारगिल," ती कपडे वाळत घालता घालता सांगते. "तुझ्या जिभेला विश्रांती मिळेल आठवडाभर."

"माझी जीभ दौऱ्यावर जात नाही, बाई. ती घरीच राबते."

गाव लहान असलं की या कामात दौरे करावेच लागतात. सकाळी ज्याला दुकानात बटाटे निवडताना बघितलं, त्याला संध्याकाळी "अय्या, किती वाट पाहिली तुझी!" म्हणणं रेलीनला जमत नाही. हसू येतं म्हणे. म्हणून ती गावोगाव जाते, आणि वर्षातून दोनदा समुद्र ओलांडून ऑस्ट्रेलियात. दौऱ्याची तिची पद्धत ठरलेली. आधी तारखा, मग तिकीट, मग कपडे. तारखा म्हणजे इंटरनेटवर तिचं एक पान आहे, सेलेस्ट या कामाच्या नावाने, त्यावर गाव आणि दिवस टाकायचे. निघण्याआधी आपण गॅस बंद आहे का बघतो ना, तशी ती तारखा टाकल्याचं बघते.

त्या पानावर तिचा चेहरा नाही. मानेपासून खालीच सगळं, आणि डाव्या खांद्यावर गोंदवलेला एक पक्षी. ते पान मी आठवड्यातून एकदा वाचते. लोक राशिभविष्य वाचतात, मी शेजारणीचं वाचते. माझं निदान खरं तरी निघतं.

आधी ती मांसाच्या कारखान्यात होती, मेंढ्यांच्या पट्ट्यावर. कारखान्याने माणसं कमी केली तेव्हा पदरात लहानगी ब्रायोनी. रेलीन सांगते, "मेंढ्यांपेक्षा हे बरं. पाठ कमी दुखते, आणि मेंढी कधी 'बरं वाटलं हं तुझ्याशी बोलून' असं म्हणत नाही." सुरुवातीला कायदा बदललेला नव्हता, तेव्हा दारावर टकटक झाली की ती आधी पडद्याआडून पोलिसांची गाडी आहे का बघायची. मग कायदा बदलला. त्या वर्षी ब्रायोनी सहा वर्षांची होती. शाळेतून तिने एक पक्ष्याचं चित्र आणलं होतं, ते घेऊन रेलीन गोंदवणाऱ्याकडे गेली आणि जसंच्या तसं खांद्यावर उतरवून आली. "फँटेल आहे," ती सगळ्यांना सांगायची. फँटेल म्हणजे आमच्याकडचा इवलासा, पंख्यासारख्या शेपटीचा, माणसाच्या मागे मागे नाचत येणारा पक्षी. मी ते चित्र पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले. ती कोंबडी होती. चांगली पोसलेली, अंड्यावर आलेली कोंबडी.

देशाबाहेर जायचं म्हटलं की रेलीन एकदम वकिलासारखी होते. ऑस्ट्रेलियात राज्य बदललं की कायदा बदलतो, एका ठिकाणी दोन मैत्रिणींनी मिळून खोली घेतली तरी गुन्हा, दुसरीकडे कुणी विचारतही नाही. कुठे जाता येतं, कुठे नुसतं विमान बदलतानाही सांभाळायचं, कुठे बॅगेतलं कंडोमचं पाकीटसुद्धा पुरावा होतं, हे तिला तोंडपाठ. एकदा ब्राझीलची एक पोरगी, लुआना, सुट्टीत काम करायच्या तात्पुरत्या परवान्यावर आलेली, तिच्या दारात उभी. इथे हे काम खुलं आहे असं तिला कुणीतरी सांगितलेलं. रेलीनने तिला आधी सॉसेज आणि कुस्करलेले बटाटे खाऊ घातले, मग म्हणाली, "राणी, खुलं आहे ते माझ्यासाठी. तुझा परवाना तात्पुरता. कळलं तर तुला परत पाठवतील. आणि त्याहून वाईट म्हणजे, एखाद्याने तुला मारलं, लुबाडलं, तरी तू भीतीने पोलिसात जाणार नाहीस. त्यालाही ते माहीत असणार." लुआना आता शेजारच्या गावात बेकरीत आहे. दर नाताळला रेलीनला पाव आणून देते, मला नाही. मी काही खाऊ घातलं नव्हतं ना.

तर अशी ही रेलीन एका दारापाशी मात्र अडली. ब्रायोनी मोठी झाली, शिकली, अमेरिकेत ओरेगनला गेली, आणि तिथे कॅल्विन नावाच्या उंच, लाजाळू मुलाशी तिचं लग्न ठरलं. तिचा फोन आला तेव्हा मी रेलीनच्या स्वयंपाकघरात होते. चहाला गेले होते, ऐकायला नाही. फोन टेबलावर स्पीकरवर होता. पण कान काय घरी ठेवून जायचे?

"आई, 'मी येऊ शकत नाही' म्हणजे काय? तू ऑस्ट्रेलियात डार्विनला जातेस, मॅकायला जातेस, आणि माझ्या लग्नाला यायला तुला जमत नाही?"

"अगं, तिथला कायदाच तसा आहे. गेल्या दहा वर्षांत हे काम केलेलं असलं की दार बंद."

"सांगायचंच कशाला मग? हॉटेलात काम करते म्हण."

"गिऱ्हाइकाला मी दिवसभर खोटं बोलते. 'किती तरुण दिसतोस!' म्हणते. तो पगाराचा भाग आहे. पण सरकारी माणसासमोर खोटं बोलायचे दिवस मी काढलेत, ब्रायोनी. परत नाही. आणि मी खोटं बोलून काय, तिथल्या माणसांनी माझा फोन उघडून बघितला की संपलंच. माझ्या एका मैत्रिणीला विमानतळावरून परत पाठवलं. रात्रभर बाकावर बसवून."

मग ब्रायोनी म्हणाली, "तुला माझी लाज वाटते की काय असं वाटायला लागलंय मला," आणि फोन ठेवला.

रेलीन चहाचा कप धूत बसली. कप कधीच स्वच्छ झाला होता. मला एक चांगला विनोद सुचला होता, पण मी तो गिळला. नोंद घ्या, असं क्वचित होतं.

आठवड्याने पुन्हा फोन. ब्रायोनी रडत होती की हसत होती ते कळेना. "आई, तुझं गाव नको आणि माझं गाव नको. मधल्या बेटावर करू. रारोटोंगा. तिथे तुला कुणी अडवणार नाही ना?"

रेलीनने कागदबिगद न बघता सांगितलं, "न्यूझीलंडच्या माणसाला तिथे फिरायला जायला काही लागत नाही. कामाला बंदी, तर मी कुठे कामाला येतेय? नवरीची आई म्हणून येतेय."

झालं. रेलीनने मला बरोबर घेतलं. मर्व्ह म्हणाला, "हिला घेऊन जाऊ नकोस, ही तोंड उघडेल." रेलीन म्हणाली, "ठरलंय आमचं. विमानतळावर ग्लेनिसचं तोंड फक्त खाण्यापुरतं." लग्नासाठी तिने निळा ड्रेस घेतला, बिनबाह्यांचा, आणि त्यावर घालायला पांढरं जॅकेट. तिथल्या उकाड्यात जॅकेट कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाली, "फोटोत पक्षी नको. तो सेलेस्टचा आहे. त्या पानावर हजार माणसांनी बघितलाय तो. लग्नाच्या फोटोत कशाला?"

निघण्याच्या सकाळी ऑकलंडच्या विमानतळावर बसलो होतो. विमानाला वेळ होता, मर्व्हने दिलेली बिस्किटं संपली होती, म्हणून मी सवयीने फोनवर सेलेस्टचं भविष्य उघडलं. आणि माझी पाचावर धारण बसली. वर ठळक अक्षरांत होतं: 'सेलेस्ट. रारोटोंगा.' आणि खाली लग्नाच्या आठवड्याच्या तारखा.

"रेलीन," मी म्हटलं, "हे काय केलंस?"

तिने बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "काल रात्री टाकलं. बॅग भरली, खिडक्या लावल्या, तारखा टाकल्या. मी... हातच गेला गं. मी इथे नाही एवढंच कळवायचं होतं नेहमीच्या लोकांना. त्या पानावर गाव लिहायला एकच जागा आहे, म्हणून गाव लिहिलं."

"अगं पण वाचणाऱ्याला वाटणार तू धंद्याला निघालीस!"

"कळतंय मला."

तिने तिथल्या तिथे ते पुसून टाकलं. मग खरंच पुसलं गेलं का म्हणून पान तीनदा उघडून बघितलं. ज्या बाईने दुसऱ्यांना वीस देशांचे धोके समजावले, ती स्वतः कॅलेंडरच्या एका ओळीत अडकली. ब्रायोनी तिथे उतरलेली होती, कॅल्विनचे आईवडील उतरले होते, आणि लग्न दोन दिवसांवर होतं. हिला त्याच विमानाने परत पाठवलं तर?

विमानात मी धीर द्यायचा प्रयत्न केला. वाटेत तारखेची रेषा लागते, तेव्हा मंगळवारी निघालेला माणूस तिथे सोमवारी उतरतो. मी म्हटलं, "तू ते सोमवारी रात्री लिहिलंस, आणि आपण पोहोचतोय सोमवारी दुपारी. म्हणजे तू अजून लिहिलेलंच नाहीस. कोण पकडणार?"

ती हसली, पण अर्धीच. उरलेलं हसू तिने खिडकीबाहेर बघण्यात घालवलं. चार तासांत तिने पाण्याचा घोटही घेतला नाही.

उतरल्यावर तोंडावर गरम, ओला वारा आला, रेलीनने जॅकेट काढून हातावर घेतलं. आत एक म्हातारा युकुलेले, म्हणजे इवलीशी गिटार, वाजवत होता, लोक रांगेत डुलत होते. आमच्या खिडकीत एक भरभक्कम बाई होती, कानामागे पांढरं फूल, छातीवर नाव: तुआइने. तिने पासपोर्ट घेतला, रेलीनकडे पाहिलं, मग खांद्याकडे पाहिलं. मग बराच वेळ खांद्याकडेच.

"कशासाठी आलात?"

"मुलीचं लग्न आहे."

"जरा बाजूच्या खोलीत या."

मीही मागे गेले. तुआइने म्हणाली, "तुम्ही कोण?" मी तोंड उघडलं, रेलीनने माझा पाय दाबला, मी म्हटलं, "खायला आलेय." बाईने मला खुर्ची दाखवली.

खोलीत एक पंखा, एक टेबल आणि केळ्यांचा घड. तुआइने बसली आणि म्हणाली, "आज सकाळी माझ्या भाच्याने मला फोनवर एक चित्र दाखवलं. त्याला आणि त्याच्या तीन दोस्तांना फार उत्साह आला होता. मी चौघांनाही चर्चचं अंगण झाडायला लावलंय. चित्रातल्या बाईला चेहरा नव्हता. पण खांद्यावर कोंबडी होती."

"कोंबडी नाही," रेलीन म्हणाली. "फँटेल आहे."

मी डोळे मिटले. बाई, नाही म्हण! जगात कोंबड्या गोंदवणाऱ्या दुसऱ्या बायका नसतील? पण रेलीनने श्वास घेतला आणि सरळ सांगितलं, "ती मीच. ते माझं काम आहे. माझ्या देशात चालतं, तुमच्याकडे चालत नाही, ते मला माहीत आहे. पण मी इथे त्यासाठी आलेली नाही. कुठेही निघाले की तारखा टाकायची सवय आहे, हात गेला. सकाळी कळलं तेव्हा पुसलं."

"लग्नाला आलोय असं मला रोज कोणी ना कोणी सांगतं," तुआइने म्हणाली. "कोणाचं लग्न? कुठे?"

"ब्रायोनीचं. पश्चिमेच्या किनाऱ्यावर."

"फुलं कोण करतंय?"

रेलीनला ते माहीत नव्हतं. "जेवण?" तेही नाही. सगळं ब्रायोनीने परस्पर ठरवलेलं. बेटावर कुणाच्याही लग्नाची फुलं कोण करतंय हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि नवरीच्या आईला नाही! तुआइनेच्या भुवया वर जात होत्या तशी रेलीनची मान खाली.

मग तिने पर्समधून दोन फोन काढले. एक लाल, एक काळा. लाल फोन टेबलावर ठेवला. "हा कामाचा. गिऱ्हाइकाला माझ्यापर्यंत यायला एवढा एकच रस्ता आहे. मी जाईपर्यंत तुमच्याकडे ठेवा. मला फक्त लग्नाला उभं राहू द्या."

"आणि हा वाजला तर? मी चर्चच्या गायकवृंदात आहे."

"वाजत नाही. थरथरतो नुसता."

तुआइनेने फोनकडे उंदराकडे बघावं तसं बघितलं. मग उठली, काही न बोलता बाहेर गेली. दार लागलं. बाहेर युकुलेले वाजतच होतं. रेलीनने माझा हात धरला. शेजारी शेजारी इतकी वर्षं राहिलो, भांडलो, एकमेकींचे कपडे पावसातून आत आणले, पण हात कधी धरला नव्हता. तिचा हात गार होता.

"परत पाठवलं तर तू थांब," ती म्हणाली. "कुणीतरी असायला हवं माझ्याकडून. आणि बोलू नकोस फार. पण... बोल थोडं. तिला आवडतं तुझं बोलणं."

मी तिचा हात दोन्ही हातांत घेऊन चोळत बसले.

दार उघडलं. तुआइने आली ती ओठ दाबून, आणि तिचे खांदे हलत होते. "बाहेर एक मुलगी आहे," ती म्हणाली. "हातात फुलांच्या दोन माळा, आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारतेय, आत अजून कोणी राहिलंय का. मी विचारलं, कोणाची वाट बघतेस? म्हणाली आईची. मी म्हटलं, तुझ्या आईच्या खांद्यावर काय आहे ते सांग."

रेलीन उभी राहिली. "मग?"

"म्हणाली, कोंबडी. मी सहा वर्षांची असताना काढलेली."

रेलीन पुन्हा खाली बसली. मग रेलीन म्हणाली, "कोंबडी?"

"कोंबडी."

"फँटेल नाही?"

"मीही विचारलं. ती म्हणाली, आजीच्या अंगणातली कोंबडी. आईने इतक्या प्रेमाने फँटेल म्हणून गोंदवली, की खरं सांगायचा धीर झाला नाही."

मला हसू आवरेना. मी खुर्चीतून घसरायच्या बेतात. रेलीन एकाच वेळी हसायला आणि रडायला लागली. तुआइनेने टेबलावरचा लाल फोन चिमटीत उचलून खणात टाकला, खणाला किल्ली लावली आणि पासपोर्टवर शिक्का मारला. "जाताना घेऊन जा," ती म्हणाली. "आणि माझा भाचा लग्नात दिसला तर मला सांगा."

बाहेर काय झालं ते मी सांगणार नाही, कारण मला दिसलं नाही. माझ्याच डोळ्यांत पाणी होतं, आणि ब्रायोनीने दुसरी माळ माझ्या गळ्यात घालताना फूल माझ्या नाकात गेलं.

लग्न किनाऱ्यावर झालं. तुआइने आली, मोठी टोपी घालून, कुणी बोलावलं होतं की नव्हतं ते विचारू नका. आली, पुढच्या रांगेत बसली आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने गायली. मला हळूच म्हणाली, "तो तुमचा लाल फोन खणात इतका थरथरतो, की माझ्या पेन्सिली कोपऱ्यात गोळा झाल्यात." रेलीनने ऐकलं आणि हात झटकला. तिला सलग दोन दिवस एकाच फोनवर राहिलेलं मी पहिल्यांदा बघत होते. कुणी बोलत असलं की पर्सकडे न बघता ऐकत होती.

मग फोटोची वेळ आली. रेलीनने पांढरं जॅकेट अंगात घातलं, बटणं लावली, घामाने चेहरा चमकत होता.

"आई, जॅकेट काढ."

"राहू दे गं. पक्षी दिसतो."

"दिसायलाच हवा. माझं चित्र आहे ते."

"ब्रायोनी, ते कुठे कुठे दिसलंय ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे. ते भिंतीला चिकटवायला काढलं होतं. तू अंगावर घेतलंस." ब्रायोनीने स्वतःच बटणं काढली, जॅकेट माझ्याकडे फेकलं. "डावा खांदा इकडे कर. आणि चेहरा वर."

तो फोटो आता रेलीनच्या स्वयंपाकघरात आहे, चहाच्या डब्यांच्या वर. कॅल्विन डोळे मिटून, तुआइनेच्या टोपीचा एक कोपरा, ब्रायोनी, आणि रेलीन. त्यात तिचा चेहरा आणि खांदा दोन्ही आहेत. इतके दिवस मी कुंपणावरून चेहरा बघायचे आणि त्या पानावर खांदा.

ऑगस्टमध्ये तिचा डार्विनचा दौरा आहे. काल कुंपणावरून मी विचारलं, "तारखा टाकल्यास का?"

"टाकल्या," ती म्हणाली. "आणि तू वाचून घे, गाव बरोबर आहे का."

"कोंबडीला काय म्हणायचं आता?"

तिने ओला टॉवेल माझ्या अंगावर फेकला. "कोंबडी म्हण," ती म्हणाली. "आजीच्या अंगणातली."